दोन मोटांचे पाणी आणि विहिरीची त्रिज्या

महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारला एक नेमकी सूचना केली आहे. पाणाड्यांकडून, म्हणजे जमिनीखालचे पाणी हेरणाऱ्यांकडून, शेतांची पाहणी करवून घ्यावी, दोन मोटांहून अधिक पाणी लागेल असे झरे जिथे असतील त्या जागा गावच्या नकाशावर नोंदवाव्यात आणि सरकारी मदतीवाचून तिथे विहीर बांधून काढणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस द्यावे. जागा, नकाशा, नोंद आणि उपशाची किमान मर्यादा, भूजल सर्वेक्षणाचा सगळा आराखडा या एका सूचनेत आहे. पुढे महाराष्ट्राने भूजलाच्या पाहणीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला.

तेव्हा विहिरीचे माप मोटेतच सांगत. विहीर एका मोटेची की दोन, दिवसभर उपसा केला तर पाणी तळाला कधी जाते, रात्रीतून किती भरून येते. शेतकऱ्याला या गोष्टी पाठ असत, कारण बागाईत किती करायचे हे त्यांवरच ठरे. साताऱ्याजवळच्या लिंब गावात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली बारा मोटेची विहीर तर आपली क्षमता नावातच मिरवते.

आज पंपिंग टेस्टच्या, म्हणजे पंपाने उपसा करून घेतलेल्या विहीर-चाचणीच्या, विश्लेषणाचे सॉफ्टवेअर उघडले की ते याच गोष्टी विचारते, फक्त मीटर, मिनिटे आणि घनमीटरांत. उपशाचा दर किती? पंप किती वाजता सुरू झाला आणि कधी बंद झाला? विहिरीची त्रिज्या, केसिंगची त्रिज्या, जलधराची (पाणी धरणाऱ्या थराची) जाडी, निरीक्षण विहिरीचे अंतर आणि दिशा? खडकातून पाणी आडवे जितक्या सहज वाहते तितके उभे वाहते का? खाली वेळ आणि पाणीपातळी असे दोन रकाने. टंकायला दहा मिनिटे पुरतात. या चौकटी भरायला मात्र जगाला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि दख्खनच्या विहिरींसाठी त्यातली निर्णायक चौकट फार उशिरा आली.

सुरुवात फ्रान्समधल्या दिजाँ शहरात झाली. तिथल्या पाणीपुरवठ्याचा अभियंता आँरी डार्सी याने वाळूने भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून प्रवाहाचा नियम शोधला आणि १८५६ मध्ये शहराच्या कारंज्यांवरील ग्रंथाच्या परिशिष्टात तो छापला. सात वर्षांनी ज्यूल द्युप्वी याने तोच नियम विहिरीकडे चहूबाजूंनी येणाऱ्या पाण्याला लावला. जर्मनीत आडोल्फ थीम आणि त्याचा मुलगा ग्युंटर यांनी या सूत्राला शेतात नेले. ग्युंटर थीमच्या १९०६च्या पुस्तकातली पद्धत साधी आहे: एका विहिरीतून सतत उपसा करायचा, पातळी स्थिरावली की वेगवेगळ्या अंतरांवरच्या दोन निरीक्षण विहिरींत ती किती उतरली ते मोजायचे, आणि त्यावरून जलधराची वहनक्षमता, म्हणजे त्यातून पाणी किती सहज वाहते ते, काढायची. निरीक्षण विहिरीचे अंतर नोंदवण्याचा आग्रह तेव्हापासूनचा.

थीमच्या सूत्रात वेळ कुठेच नव्हता. पातळी कधीतरी स्थिरावेल असे ते गृहीत धरते. अमेरिकेत १९३१ साली नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंड गावाजवळ लीलँड वेन्झेल याने मोठ्या काळजीने एक चाचणी घेतली. एका विहिरीभोवती डझनावारी निरीक्षण विहिरी होत्या आणि पंप दोन दिवस चालला, तरी पातळी उतरतच राहिली.

न्यू मेक्सिकोत अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे काम करणाऱ्या चार्ल्स थाइसला हा प्रश्न सोडवणे भाग होते. तिथल्या कोरड्या खोऱ्यांत पंपावर शेती वाढत होती आणि उपसा किती वर्षे चालेल हे लोकांना हवे होते. स्थिर पातळीचे सूत्र त्याचे उत्तर देऊ शकत नव्हते, कारण विहिरीतून निघणारे पाणी बराच काळ खडकातल्या साठ्यातूनच येते आणि साठा रिकामा होत जातो तसतसे पातळीच्या उताराचे वर्तुळ रुंदावत जाते. तापलेल्या पत्र्याच्या एका बिंदूतून उष्णता काढत राहिलो तर थंडावा असाच पसरतो, हे थाइसने ओळखले. त्याचे गणित त्याला येत नव्हते. त्याने सिनसिनाटी विद्यापीठातला आपला गणिती मित्र क्लॅरेन्स ल्युबिन याला पत्र लिहिले. उष्णतावहनाच्या शास्त्रात हे उत्तर आधीच तयार होते. ल्युबिनने ते कळवले, आणि आपण काही नवे केलेले नाही म्हणून लेखावर स्वतःचे नाव घालायला नकार दिला. १९३५ मध्ये थाइसचा लेख एकट्याच्या नावाने प्रसिद्ध झाला; त्यात ल्युबिनचे ऋण नोंदवलेले आहे. भूजलशास्त्राच्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी एका पत्रोत्तरावर उभी आहे, आणि ते उत्तर देणाऱ्याचे नाव आज फारच थोड्यांना ठाऊक असावे.

थाइसमुळे चाचणीच्या नोंदवहीत दोन गोष्टी आल्या. एक घड्याळ, दुसरा साठवण गुणांक, म्हणजे पातळी एक मीटर उतरली की खडक किती पाणी सोडतो त्याचे माप. समीकरण हाताने सोडवण्याजोगे नव्हते. म्हणून वेन्झेलने १९४२ मध्ये त्याची लांबलचक कोष्टके छापली आणि भूजलतज्ज्ञांच्या टेबलावर एक नवी रीत रुजली. लॉग कागदावर प्रमाण वक्र काढायचा, ट्रेसिंग पेपरवर शेतातले बिंदू मांडायचे, अक्ष समांतर ठेवून वरचा कागद खालच्यावर सरकवत राहायचे आणि बिंदू वक्रावर बसले की टाचणीने एक जुळणी-बिंदू टोचायचा. हिल्टन कूपर आणि सी. ई. जेकब यांनी १९४६ मध्ये हे आणखी सोपे केले: पुरेसा वेळ गेल्यावर सेमी-लॉग कागदावर बिंदू सरळ रेषेत येतात, आणि त्या रेषेच्या उतारावरून उत्तर काढता येते. पट्टी, पेन्सिल आणि लॉगचे कोष्टक एवढ्यावर काम भागू लागले.

पुढची तीन दशके नव्या चौकटींची आहेत. इराकमधून आलेल्या महदी हंतुश याने जेकबसह १९५५ मध्ये वरच्या-खालच्या थरांतून झिरपणारे पाणी हिशेबात घेतले. इंग्लंडमध्ये नॉर्मन बोल्टन याने खुल्या जलधरातून पाणी उशिरा निथळते हे दाखवले. श्लोमो न्यूमन याने १९७० च्या दशकात उभ्या आणि आडव्या प्रवाहाचे गुणोत्तर त्यात आणले. पडद्यावरची प्रत्येक चौकट अशा कोणाच्या तरी शेतातल्या अडचणीतून आलेली आहे.

मात्र या सगळ्यांच्या मनातली विहीर अरुंद होती. थाइसच्या समीकरणात तर तिची त्रिज्या शून्य आहे. नळीच्या विहिरींच्या प्रदेशात ते खपून जाते. महाराष्ट्रात अजिबात खपत नाही.

राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे, आणि त्यातली पारंपरिक विहीर पाच-सहा मीटर रुंद, कधी चौकोनी, कधी वर रुंद आणि खाली निमुळती. माती, मुरूम, फुटका खडक, मग तळातला अखंड पाषाण. पाणी येते ते सांध्यांतून आणि दोन लाव्हाथरांच्या संधीवरून, जिथे कित्येकदा गेरूचा तांबडा पट्टा दिसतो. अशी विहीर स्वतःच एक मोठी टाकी असते. हिशेब करून पाहण्याजोगा आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर. पातळी तीन मीटर उतरवायची तर ८५ घनमीटर पाणी काढावे लागते. सेकंदाला आठ लिटर देणारा पंप त्यासाठी जवळजवळ तीन तास चालतो, झऱ्यातून एक थेंबही आला नाही तरी. म्हणजे या तीन तासांतल्या नोंदी बहुतांशी विहिरीचा आकार सांगतात, खडकाबद्दल फार थोडे बोलतात. लिंबच्या विहिरीचा व्यास पन्नास फूट सांगितला जातो. तिथे एक मीटर पातळी म्हणजे सुमारे १८२ घनमीटर पाणी.

स्टॅव्रॉस पापाडोपुलोस आणि हिल्टन कूपर यांनी १९६७ मध्ये मोठ्या व्यासाच्या विहिरीसाठी समीकरण मांडले तेव्हा ही टाकी प्रथमच गणितात नीट आली. विहिरीतल्या साठ्याचा प्रभाव ओसरायला लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाबरोबर वाढतो. एका प्रचलित निकषानुसार, दिवसाला ५० चौरस मीटर वहनक्षमतेच्या खडकात आठ सेंटिमीटर त्रिज्येच्या बोअरला पाच मिनिटे पुरतात. त्याच खडकात तीन मीटर त्रिज्येच्या विहिरीला साडेचार दिवस लागतात. इतका अखंड उपसा सहन करणारी खोदीव विहीर दख्खनमध्ये विरळाच. त्यामुळे आधीच्या काळात अशा विहिरींच्या नोंदी सरळ थाइस किंवा जेकबच्या पद्धतीत घालून काढलेली वहनक्षमता संशयानेच पाहायला हवी.

जुन्या अभियंत्यांनी यावर एक व्यवहारी तोड काढली होती: पंप बंद करून विहीर किती वेगाने भरून येते ते मोजायचे. अमेरिकी गणिती चार्ल्स स्लिक्टर याच्या नावाचे हे सूत्र सिंचनाच्या पाठ्यपुस्तकांत अजून आहे. शेतकऱ्याच्या ‘रात्रीतून किती भरते’ याचेच ते आकडेबद्ध रूप. विहीर किती देईल हे त्यातून कळते. जलधराबद्दल, शेजारच्या विहिरीवर होणाऱ्या परिणामाबद्दल ते काहीच सांगत नाही.

पुणे विद्यापीठातले भूगर्भशास्त्रज्ञ एस. बी. देवळाणकर यांचा महाराष्ट्रातल्या बेसाल्टच्या जलधर-क्षमतेवरचा लेख १९८०मध्ये ‘ग्राउंड वॉटर’ या अमेरिकी नियतकालिकात आला. मोठ्या व्यासाच्या विहिरींच्या चाचणीवर रश्टन आणि होल्ट, तसेच हर्बर्ट आणि किचिंग यांचे लेख लगोलग १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. केन रश्टन यांची संख्यात्मक रीत विशेष उपयोगी ठरली, कारण तिथे काळ लहान तुकड्यांत तोडून हिशेब होतो आणि बदलता उपसा सामावून घेता येतो. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या शिवारात हा गुण फार मोलाचा.

मग संगणक आला. प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटरवरून हे काम घरगुती संगणकावर गेले, १९८९ मध्ये ‘अ‍ॅक्टेसॉल्व्ह’सारखे सॉफ्टवेअर बाजारात आले. ट्रेसिंग पेपर सरकवण्याची जागा लेव्हनबर्ग आणि मार्क्वार्ट यांच्या न्यूनतम-वर्ग पद्धतीने घेतली. यंत्र आता क्षणात वक्र बसवते, आणि इथेच खरी जोखीम आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीसाठी त्रिज्येच्या चौकटीत व्यास टाकला, किंवा बोअरच्या सवयीने सेंटिमीटरचा आकडा टाकला, तरी वक्र कुठेतरी बसतो आणि उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत छापून येते. काळजीने काम करणारा माणूस विहिरीत उतरून वेगवेगळ्या खोलीवर माप घेतो. चौकोनी विहिरीसाठी तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाची त्रिज्या काढतो: सहा मीटर बाजूच्या चौकोनासाठी ती ३.३९ मीटर येते. जलधराची जाडी म्हणून विहिरीची पूर्ण खोली टाकत नाही, तर पाणी देणारा फुटका थर कुठून कुठपर्यंत आहे ते भिंतीवर पाहून टाकतो.

एवढी धडपड कशासाठी, हे भूजल मूल्यांकनाच्या आकडेमोडीत दिसते. केंद्रीय भूजल मूल्यांकनाच्या निकषांत फुटक्या आणि सच्छिद्र बेसाल्टचा विशिष्ट उत्पन्न गुणांक, म्हणजे पातळी उतरल्यावर खडकाच्या घनफळाच्या किती टक्के पाणी निथळते ते प्रमाण, १ ते ३ टक्के धरतात. शंभर हेक्टरच्या शिवारात पावसाळ्यात पातळी तीन मीटर वर आली, तर एक टक्क्याने ते पाणी ३० हजार घनमीटर होते आणि तीन टक्क्यांनी ९० हजार. गावाच्या पाण्याच्या ताळेबंदात रब्बीला किती एकर भिजवायचे ते याच फरकावर ठरते. हा गुणांक उपसा असलेल्या एकट्या विहिरीच्या नोंदीतून भरवशाने मिळत नाही. त्यासाठी दुसरी विहीर लागते, जिच्यावर त्या दिवशी पंप चालू नसेल, आणि तिचे टेपने मोजलेले अंतर लागते. ग्युंटर थीमने १९०६ मध्ये मागितलेली तीच चौकट.