निजामाचा कायदा, तृतीयपंथीयांची भाकरी

१/ छत्रपती संभाजीनगर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. या संस्थानाने फसली सन १३२९ मध्ये, म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, हिजड्यांविषयी एक कायदा केला. त्यात त्यांचा पोटापाण्याचा व्यवसायच गुन्हा ठरला.

२/ त्याआधी दख्खनमध्ये चित्र वेगळे होते. मुघल दरबारात ख्वाजासरा, म्हणजे खच्चीकरण केलेले सेवक, जनानखान्याची व्यवस्था पाहत. काही उच्चपदीही पोहोचले. अकबराच्या काळात इतिमादखान हा ख्वाजासरा खालसा मुलखाच्या महसुलाचा कारभार पाहत होता. अर्थात अनेक ख्वाजासरा गुलाम म्हणूनच दरबारी आलेले असत. हा सुवर्णकाळ नव्हता.

३/ ख्वाजासरा आणि हिजडा हे एकच नव्हेत. हिजड्यांना दरबारी चाकरी नव्हती. बाळ जन्मले, लग्न ठरले की दारी जाऊन नाचगाणे करायचे, आशीर्वाद द्यायचा आणि बधाई घ्यायची, हीच त्यांची कमाई.

४/ १८७१ मध्ये ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता. हैदराबादचा कायदा त्याच साच्यातला.

५/ राजधानीत आणि सरकार ठरवील त्या इतर ठिकाणी संशयित हिजड्यांची नोंदवही ठेवायची होती. नाव चढण्यास गुन्हा सिद्ध होण्याची गरज नव्हती, संशय पुरे. नोंदलेली व्यक्ती रस्त्यावर स्त्रीवेशात दिसली किंवा नाचली-गायली, तर वॉरंटाविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

६/ वेश आणि कला हीच ज्यांची रोजीरोटी, त्यांना या कलमाने दोनच वाटा ठेवल्या : उपासमार किंवा तुरुंग. दुसरे काम देण्याची तरतूद मात्र त्यात नव्हती.

७/ १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला. तेलंगणात मात्र हा कायदा पुस्तकात राहिला. ६ जुलै २०२३ रोजी तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि तृतीयपंथीयांना नोकरी व शिक्षणात आरक्षण देण्याचे निर्देशही दिले.

८/ महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्यायच नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यावर राज्य सरकारने तो देण्याचे मान्य केले. ज्या पोलिसांच्या नोंदवहीत कधी संशयित म्हणून नाव चढे, त्याच खात्यात आता उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. अर्जातला रकाना मिळाला. खात्यातली सन्मानाची जागा अजून मिळवायची आहे.