येसकराचा पगार



पोलीस भरतीचा फॉर्म भरताना धाकट्या भावानं विचारलं, "दादा, आपल्या घरात कुणी पोलिसात होतं का रं?" मी म्हटलं, "होतं. पणजा होता. पगार नव्हता एवढंच."

तो हसला. मला हसू आलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. इतिहासाची पदवी माझ्याकडं नाही. जे वाचलं आणि आज्ज्याच्या तोंडून जे ऐकलं ते जुळवून मांडतो.

पणजा येसकर होता. घुंगराची काठी घेऊन वेशीवर बसायचा. गावात कोण आलं, कोण गेलं, त्याला ठावं. चोराचा माग त्यानं काढायचा. रानात मुडदा सापडला तर पंचनामा होईस्तोवर रात्रभर त्यानंच राखायचा. शेतसाऱ्याची रक्कम तालुक्याच्या खजिन्यात त्यानं पोचवायची. घरात दुसऱ्या दिवसाची भाकर नाही, आणि डोक्यावर सरकारचे रुपये! त्या रुपयांसाठी तो विश्वासाचा. विहिरीवर मात्र विटाळाचा.

याला नाव होतं वतन. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यानं इंग्रजानं ते पक्कं करून ठेवलं. कामाची यादी नाही, वेळेची हद्द नाही. महार घरी नसला तर बापानं जायचं, बायकोनं जायचं, पोरानं जायचं. मोबदला काय? वाट्या पडून पडून उरलेला वतनी जमिनीचा तुकडा, कुठं कुठं सरकारची चिल्लर, आणि बाकी बलुतं. बलुतं म्हणजे शेतकऱ्यानं खळ्यावर दिलेलं धान्य. दिलं तर दिलं.

खरी मेख इथं आहे. काम सरकारचं आणि पोट गावाच्या हातात. ज्याच्या दारात "भाकर वाढा माय" म्हणून उभं राहायचं, त्याच्याच पोरानं चोरी केली तर चावडीत नाव कसं घ्यायचं? घेतलं तर बलुतं बंद. नाही घेतलं तर सरकारचा दंडुका. ज्याची भाकर दुसऱ्याच्या मुठीत, त्याच्या हातून कायदा काय राखला जाणार? बाबासाहेबांनी हे दुखणं अचूक ओळखलं होतं. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनाचं बिल आणलं. महाराची कामं ठरवा, बलुत्याऐवजी रोख पैसा द्या, ज्याला सुटायचंय त्याला पूर्ण सारा भरून जमिनीसकट सुटू द्या, एवढंच मागणं. ते बिल पुढं गेलं नाही.

मग पगाराचं पोलीस खातं? तिथं दार बंद. १८९२-९३ च्या सुमारास फौजेत महारांची भरती थांबवली. ज्या घरात पेन्शनीचा पैसा येत होता, पोरं शिकत होती, ती घरं पुन्हा गावकीच्या वाटेवर आली. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांच्या पुढाकारानं दख्खनी महारांच्या परिषदेनं थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याला अर्ज धाडला. मागितलं काय? मोठा हुद्दा नाही. सरकारी नोकरीची अगदी खालची पायरी. पोलीस शिपाई करा, फौजेत शिपाई करा. पिढ्यान् पिढ्या फुकट गस्त घालणाऱ्यांना पगारी गस्तीसाठी अर्ज करावा लागला!

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं खालसा करून जमिनी रयतावा केल्या. आमच्या गावावर इंग्रजाचा अंमल. आम्हाला १९५९ उजाडावं लागलं. १९५८ चा कायदा झाला, कनिष्ठ वतनं गेली. जमीन पुन्हा नावावर करून घ्यायची तर मुदतीत सरकारात रक्कम भरायची. पणजाकडं रक्कम कुठली? आज्जा म्हणतो, "काठी सुटली तवा बा रडला. म्हाताऱ्याला वाटलं, आता आपल्याला इचारणार कोण?" जोहार घालून घालून वाकलेल्या माणसाला सुटकेचीही भीती वाटते. त्याला मी हसत नाही.

आता भावाचं. आज शिपायाला पगार सरकारी तिजोरीतून मिळतो. कुणाच्या खळ्यावर जावं लागत नाही. आमच्यासाठी राखीव जागा आहेत, त्या बाबासाहेबांमुळं आहेत. पण २०२४ च्या भरतीत १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. या गर्दीत आधी खिसा पळतो, मग पाय पळतात. उंची १६५ सेंटिमीटर, छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढली पाहिजे, १६०० मीटर धावायचं. छाती फुगायला दूध-अंडी लागतात. धावायला बूट लागतात. लेखी परीक्षेला क्लास लागतो, दाखल्यांसाठी हेलपाटे लागतात, आणि प्रत्येक हेलपाट्याला एक खाडा. वर दलाल कानात सांगतो, "एवढे ठेवा, काम करून देतो." मी भावाला सांगितलं, त्याच्या सावलीला उभा राहू नको.

फीच्या दोन पैशांच्या सवलतीनं हे भागत नाही. सरकारची भरतीपूर्व प्रशिक्षणं असतात, पण जागा मोजक्या. तालुक्या-तालुक्याला राहणं, जेवण, बुटांसकट प्रशिक्षण पाहिजे. बुडालेल्या मजुरीचा भत्ता पाहिजे. ही भीक नाही. पणजाच्या गस्तीची थकबाकी आहे.

पहाटे मी पाळीवरून सुटतो तेव्हा भाऊ डांबरी रस्त्यावर धावत असतो. परवा बुटाचा तळ सुटला, त्याला सुतळीनं बांधला होता. मी दोन जादा पाळ्या मागितल्यात. बूट या पगाराला येतील.