उचल (ऊसतोडीची)

ऊसतोडीचा हंगाम लागण्याआधी मुकादम मजुराला जी आगाऊ रक्कम देतो, तिला बीड जिल्ह्यात उचल म्हणतात. ती रोखीने परत करायची नसते, मजुरीतून फेडायची असते. तोडलेल्या उसाची टनावारी मजुरी मजुराच्या हाती न पडता उचलीतून वजा होत जाते.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांत जमीन कोरडवाहू आणि पाऊस बेभरवशाचा. पावसाळ्यात बियाणे, किराणा, दवाखाना, लग्नाची देणी यांना पैसा लागतो आणि तो मुकादमाकडे मिळतो. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडे आणि कर्नाटकात बेळगाव, बागलकोटपर्यंत जातात. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो.

पैसा मुळात कारखान्याकडून निघतो. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला रक्कम देतो आणि मुकादम ती टोळीत वाटतो. या साखळीमुळे मजुराचा मालक कोण, हा प्रश्न कायम लोंबकळत राहिला आहे.

उचल माणशी नसते, कोयत्यावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. एका कोयत्याची उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. व्यवहार बहुधा नवऱ्याशी होतो, सही किंवा अंगठाही त्याचाच. बायको पहाटेपासून फडात राबते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. पण तिच्या अर्ध्या कोयत्याचे पैसे तिच्या नावावर कुठेच दिसत नाहीत. या व्यवहारातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ रुपयांचे सुमारे ३६६ रुपये झाले. या दराने एक लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडप्याने दिवसाला दोन टन तोडला, तरी एकही दिवस न चुकवता हे काम १३७ दिवसांचे होते. हंगाम शंभर दिवसांतच आटोपला, तर बाकी अंगावर राहते. शिवाय मधल्या काळात पोटासाठी घेतलेली खर्चीही उचलीतच मांडली जाते. फडावर हातात रोख येते ती बहुतेक वाढ्यांची: उसाचे हिरवे शेंडे पेंढ्या बांधून गावातल्या जनावरवाल्यांना विकले जातात, त्यावर मीठ-मिरची भागते. अंगावरची बाकी पुढच्या हंगामाच्या उचलीत मिसळली, की त्याच मुकादमाकडे पुन्हा जाणे आलेच.

कामावर न गेल्यास खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. पाळी, बाळंतपण, अंगावरचे दुखणे यांना त्यात सूट नाही. बीडमधल्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विचार खाड्याला सोडून करता येत नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अशा शस्त्रक्रियेसाठी अनेकींच्या घरी पुन्हा मुकादमाकडूनच पैसे घेतले गेले.

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या उसावर टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले आहे आणि मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या, पण उचलीची गाठ त्यांनी सुटत नाही.

उचलीत मुकादमही बुडतो. दोन-तीन ठिकाणी उचल घेऊन टोळी आलीच नाही, अशा तक्रारी दरवर्षी पोलिसांत जातात. वाहतूकदाराचे पैसे भरण्यासाठी जमीन विकलेले मुकादमही आहेत. वसुलीसाठी मजुरांना डांबून ठेवल्याचे प्रकारही याच हंगामात घडतात. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार आगाऊ रकमेपोटी माणसाला कामाला जखडून ठेवणे हा गुन्हा आहे. ती वेठबिगारी ठरली, तर ते कर्ज फेडण्याची जबाबदारीही संपते. अशा मजुराला सोडवण्याचे काम या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले आहे.