पिकू माशाची हकिकत

आजच्या बोलण्याचा विषय आहे बोटाएवढा एक मासा. खायच्या कामाचा नाही, बाजारात वाट्यावर मिळत नाही, आणि तरीही शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली. मराठीत त्याला पिकू म्हणतात. केरळात ‘मानत्तुकण्णी’, म्हणजे आभाळाकडे डोळे लावून बसलेली. त्याचा बंगालचा भाऊबंद आहे, त्याला तिकडे ‘तेचोखा’ म्हणतात, तीन डोळ्यांचा. तिसरा डोळा म्हणजे डोक्यावरचा पांढरा चमकदार ठिपका. वहाळाच्या काठावर उभं राहून वरून पाहिलं, की मासा दिसत नाही, आधी ती टिकलीच दिसते.

मत्स्यालय पाळणारे लोक या कुळाला ‘किलीफिश’ म्हणतात. नाव ऐकून आमच्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, हा मारका मासा आहे का? तसं नाही. ‘किल’ हा जुना डच शब्द आहे, अर्थ ओहोळ किंवा चर. ओहोळातला मासा, एवढंच.

विज्ञानाच्या पुस्तकात हा मासा कसा गेला ते आधी सांगते. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर बंगालमध्ये होता. गंगेच्या माशांवरचं त्याचं पुस्तक १८२२ साली निघालं. त्याची एक चांगली सवय होती. माशाला लॅटिन नाव देताना तो पुष्कळदा कोळ्यांच्या तोंडचं नावच उचलायचा. ‘पॅनचॅक्स’ हे नाव तसंच आलं. पुढे १८४६ साली फ्रान्समध्ये व्हॅलेन्सिएन यांनी आपल्या पिकूचं वर्णन छापलं, आणि तो मासा होता मुंबईचा. म्हणजे जगात कुठेही कोणी हा मासा काचेच्या पेटीत ठेवला, तरी त्याच्या दाखल्यावर जन्मगाव मुंबई लिहिलेलं आहे. मला याची गंमत वाटते. आपल्यातल्या किती जणींना माहीत होतं?

पण पिकूचा खरा इतिहास सुरू होतो तो हिवतापापासून.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. तोवर लोक समजत की दलदलीच्या वाईट हवेने थंडीताप येतो. आता शत्रू कळला. डास पाण्यात अंडी घालतो, अळ्या पाण्यात वाढतात, म्हणजे पाणी बघायला हवं. मुंबईत डॉक्टर बेंटली यांनी शहराची पाहणी केली आणि १९११ साली त्यांचा अहवाल छापून आला. मुंबईत हिवताप पसरवणारा डास मुख्यतः ‘स्टिफेन्सी’ जातीचा, आणि तो गटारात नाही तर स्वच्छ पाण्यात वाढतो, असं त्यात निघालं. स्वच्छ पाणी म्हणजे घराघरातल्या विहिरी, टाक्या, हौद. फोर्टसारख्या भागात जुन्या वाड्यांत घरोघर विहीर होती.

सरकारी उपाय सोपा होता: विहिरी बुजवा, नाहीतर झाकणं घालून पक्क्या बंद करा. नळाचं पाणी आलेलंच होतं. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. पण विहीर म्हणजे नुसतं पाणी नसतं, हे त्या कागदाला कळलं नव्हतं. पारशी लोकांच्या धर्मविधींना विहिरीचं पाणी लागतं आणि त्यावर सूर्यप्रकाश पडायला हवा अशी त्यांची श्रद्धा. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ ची, ती आजही आहे आणि तिथे आजही प्रार्थना होते. हिंदू घरांत देवाला नळाचं पाणी चालत नसे, कारण तोटीत चामड्याची चकती असते. कुठे विहिरीत देवता, कुठे साधुपुरुष, कुठे पीर. रुस्तम मसानी हे तेव्हा मुंबई महापालिकेच्या कारभारात होते. लोकांच्या या सगळ्या तक्रारी आणि कथा त्यांच्या कानावर येत. त्यातून १९१८ साली त्यांनी विहिरींच्या लोककथांवर एक अख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलं. विहिरी बंद करण्याच्या सरकारी मोहिमेतून लोककथांचा संग्रह निघावा, हे मला फार आवडतं. काही ठिकाणी तोडगा म्हणून तारेच्या जाळीचं झाकण मान्य झालं. उजेड आत जातो, डास जात नाही.

मी हे वाचलं तेव्हा मनात आलं, की विहिरीवर पाण्याला जाणाऱ्या बायांचं म्हणणं त्या अहवालांत कुठे आहे? अर्ज पुरुषांचे, ठराव पुरुषांचे. घरची विहीर बंद झाल्यावर नळावर रांगेत कोण उभं राहिलं, याची नोंद माझ्या तरी वाचनात आली नाही.

दुसरा उपाय होता मासा. विहीर उघडी राहते, पूजा चालते आणि अळ्या खाल्ल्या जातात. १९१२ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने सेमूर सीवेल आणि बी. एल. चौधुरी यांची एक पुस्तिका काढली, डासांचा नाश करणाऱ्या हिंदी माशांवर. पिकूचं कुळ त्यात मानाने बसलं. कारण उघड आहे. डासाची अळी श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागावर येते, आणि स्टिफेन्सीच्या जातवाल्यांची अळी तर पाण्याला समांतर, सपाट पडून राहते. रोहूसारखा मासा खाली किंवा मध्ये फिरतो. पिकूचं तोंड मात्र वरच्या बाजूला उघडतं, पाठ सपाट, डोळे वर. तो राहतो वर, बघतो वर, खातो वर. शिवाय उथळ, कमी पाण्यात तगतो आणि माणसाच्या खाण्यात नाही, म्हणून कोणी पकडून नेत नाही.

मग हा आपला मासा मागे का पडला? १९२८ साल घ्या. त्या वर्षी कॉव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापावर पुन्हा अहवाल दिला, पुन्हा विहिरी आणि टाक्यांवरच बोट ठेवलं. त्याच साली इटलीतून भारतात गॅम्बुझिया आणला गेला. तो मूळचा अमेरिकेचा. गप्पी त्याच्याही आधीच आलेला होता. या दोघांचा एक मोठा गुण: ते अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, आणि पोटुशी एकच मादी हौदात टाकली तरी काही महिन्यांत हौद भरतो. पिकूची मादी रोज थोडी थोडी अंडी घालते, तीही पाणवनस्पतीच्या मुळांना चिकटवून, आणि समोर आलं तर आपलंच पिल्लू गिळते. कार्यालयाला हजारोंनी वाटायला मासा हवा होता. हिशेबात पिकू हरला.

जाता जाता सांगते, क्युबामध्ये ‘गॅम्बुसिनो’ म्हणजे काहीच नाही, फुकटची गोष्ट. तिथले लोक गळाला काही लागलं नाही की म्हणत, गॅम्बुसिनो पकडले. त्यावरून या माशाचं नाव. पण हा ‘काहीच नाही’ पुढे फार महागात पडला. तो अळ्या खातो, तशीच दुसऱ्या माशांची अंडी आणि पिल्लं खातो, बेडकाची पिल्लं कुरतडतो, इतर माशांची शेपटी तोडतो. जगातल्या सगळ्यांत उपद्रवी शंभर परक्या जिवांच्या यादीत आज त्याचं नाव आहे. विहिरीत ठेवला तर ठीक, पण आपल्याकडे पावसाळ्यात विहीर, शेत आणि वहाळ एक होतात. एकदा वहाळात गेला की त्याला परत बोलावता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षं माशांची गरजच संपली असं वाटलं. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, घरोघर डीडीटी फवारलं गेलं. आपल्या आज्या अजून त्या पांढऱ्या भिंती आठवतात. १९६५ च्या सुमारास देशात रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. मग डास डीडीटीला जुमानेनासे झाले, आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. तेव्हा शास्त्रज्ञ पुन्हा पाण्याकडे वळले. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात १९८० नंतरच्या दशकात गप्पी मासे सोडून, खड्डे बुजवून मोठा प्रयोग झाला.

आणि आपल्या शेजारी, गोव्यात, नव्वदच्या दशकात झालेला प्रयोग तर सरळ आपल्या पिकूच्या धाकट्या भावाचा आहे. गोव्यात तेव्हा बांधकामं जोरात होती. स्लॅबवर साठवलेलं पाणी, टाक्या, विहिरी, आणि त्यात तोच स्टिफेन्सी. मलेरिया संशोधन केंद्राच्या लोकांनी कांदोळी भागात दोन गोष्टी केल्या: अळ्या मारणारी जिवाणूंची फवारणी, आणि विहिरी-टाक्यांत ‘अप्लोकायलस ब्लॉकी’ हा स्थानिक मासा. हा पिकूच्या कुळातला सगळ्यांत लहान, दीड-दोन इंचांचा. हिवताप कमी झाला, आणि १९९८ साली त्याचा लेखही प्रसिद्ध झाला. बाहेरून काही आणावं लागलं नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण असं. गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात डेंग्यूचे रुग्ण निघाले, तेव्हा मासे सोडायचा विषय आला. आमच्या प्रभागातल्या तीन गटांना विचारणा झाली, की सिमेंटच्या टाक्यांत गप्पी आणि गॅम्बुझिया वाढवून द्याल का. पैसे मिळणार होते, थोडे पण वेळेवर. बैठकीत दोन तट पडले. एका ताईंचं म्हणणं, गट कर्जात आहे, चार पैसे येतात तर मासा देशी की परदेशी हे आपण कशाला बघायचं? हे म्हणणं हलकं नव्हतं. त्यांच्या घरचा हप्ता त्याच महिन्यात थकला होता. तेवढ्यात मी दाखवलेलं चित्र बघून आमच्या सर्वांत वयस्कर काकी म्हणाल्या, “हे तर आमच्या व्हाळात आसत.” मग चर्चा फिरली. शेवटी ठरलं असं की दोन गट गप्पी करतील, पण फक्त बंद टाक्यांसाठी, आणि एक गट पिकू वाढवून बघेल. गॅम्बुझिया कोणीच घेणार नाही. पिकूचे पैसे कमी येणार हे धरूनच तो निर्णय झाला.

वाढवायचं तंत्र ऐका. दोन फुटी काचेची पेटी किंवा प्लास्टिकचा मोठा टब पुरतो. वर झाकण हवंच, कारण हा मासा उडी मारतो आणि सकाळी ओट्यावर वाळलेला सापडतो. एक नर, दोन-तीन माद्या. मादी ओळखायची ती तिच्या अंगावरच्या ठळक आडव्या-उभ्या पट्ट्यांवरून आणि पाठीवरच्या पराच्या मुळाशी असलेल्या काळ्या डागावरून. नराच्या अंगावर सोनेरी-हिरवे ठिपके असतात. गावातल्या पाण्यात तापवायचं यंत्र लागत नाही.

अंडी घेण्यासाठी जगभरचे हौशी लोक एक साधं साधन वापरतात, आणि ते आपल्या हातातलं आहे: लोकरीचा गोंडा. गडद हिरवी, रंग न सोडणारी ॲक्रिलिकची लोकर वीतभर लांबीत कापायची, मधोमध बांधायची, बुचाला अडकवून तरंगत ठेवायची. मादीला ती झाडाची मुळं वाटतात. दर दोन-तीन दिवसांनी गोंडा पिळून बघायचा. अंडी साबुदाण्याहून लहान, पारदर्शक, आणि आश्चर्य म्हणजे बोटाने उचलली तरी फुटत नाहीत. ती वेगळ्या पसरट डब्यात ठेवायची. पांढरं पडलेलं अंडं लगेच काढून टाकायचं, नाहीतर बुरशी शेजारच्यांना लागते. बारा ते चौदा दिवसांत पिल्लं येतात. त्याआधी अंड्यात दोन काळे डोळे दिसतात, आणि ते बघायला आमच्या गटातल्या मुली रोज रांग लावतात. पिल्लांना पहिले दिवस हिरवट पाण्यातले सूक्ष्म जीव, मग डासांच्याच बारीक अळ्या. लहान-मोठी पिल्लं एकत्र ठेवू नका, मोठी लहानांना खातात.

याच माशांचे आफ्रिकेतले नातेवाईक तर अजबच आहेत. डबकं आटलं की मासे मरतात, अंडी मात्र चिखलात महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाऊस आला की फुटतात. हौशी लोक ती अंडी ओलसर मातीत गुंडाळून टपालाने एकमेकांना पाठवतात. आपल्या पिकूला ते जमत नाही, त्याची अंडी ओली राहिली पाहिजेत. त्यामुळे उन्हाळ्यात वहाळाच्या शेवटच्या डोहातले सगळे मासे उपसून आणू नका. पाच-सहा आणा, बाकीचे पावसाची वाट बघत तिथेच राहू द्या.

सोडायचे कुठे? शिंपणीच्या विहिरीत, दोणीत, गुरांच्या हौदात, बागेच्या टाकीत. पिण्याच्या विहिरीत टीसीएल पावडर पडते, तिथे मासा टिकत नाही, म्हणून तिथे जाळी हाच उपाय. घरातलं पिंप तर आठवड्याला रिकामं करून घासायचंच, कारण डेंग्यूचा डास तिथे वाढतो आणि रोज उपसल्या जाणाऱ्या पिंपात मासा ठेवून उपयोग नाही. ज्या गटांना पिकूची जोडी हवी असेल त्यांनी प्रभाग संघाच्या पुढच्या बैठकीला झाकणाची बरणी घेऊन यावं. बरणी साबणाने धुतलेली नको, आणि पाणी आपल्या विहिरीचंच आणा.