इंग्रजी भाषेतील कामकरी जनावरे

इंग्रजी वाक्प्रचारांतील पशुपक्षी पुष्कळदा शिकारीच्या रानातले असतात असे विद्वान सांगतात. आम्हां कामगारांना मात्र ते कारखान्यात आणि खाणीत भेटतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॅटला आपले वाफेचे एंजिन किती घोड्यांचे काम करते, हे गिऱ्हाइकाला पटवायचे होते. मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे, हे त्याने एका घोड्याचे बळ ठरविले. घोडा गेला, ‘हॉर्सपॉवर’ राहिली.

कॅनरीची कथा याहून करुण आहे. १८९६ साली वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन ५७ माणसे दगावली. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी प्रेते तपासली, तेव्हा बहुतेकांचा बळी कार्बन मोनॉक्साइड या वासहीन वायूने घेतल्याचे दिसले. लहान जिवाला हे विष आधी बाधते, म्हणून खाणीत उंदीर किंवा पक्षी न्यावा, असे त्यांनी सुचविले. पुढे पिंजऱ्यातल्या कॅनरीने मान टाकली की माणसे माघारी फिरत. १९८६ साली ब्रिटिश खाणींत तिची जागा यंत्रांना देण्याचे ठरले. पूर्वसूचनेचा वाक्प्रचार तेवढा मागे उरला.

पण श्रोतेहो, कॅनरी येण्यापूर्वी ते काम कोण करीत होते? माणसेच! आणि पक्षी पडल्यावर माघारी फिरण्याची मुभाच नसेल, तर पिंजरा काय कामाचा? ती मुभा कामगाराला एकजुटीनेच मिळवावी लागते, असे आम्ही म्हणतो.