स्वरलिपी संगणकाची : डॉसच्या खेळांतील मिडी संगीत

गाणे जपून ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला ध्वनिमुद्रणाचा. तुळजापूरला गोंधळ चालू असताना ध्वनिमुद्रक सुरू केला, तर संबळाचा ठोका, तुणतुण्याची तार, गोंधळ्याचा आवाज आणि शेजारी रडणारे मूल असे सगळेच फितीवर उतरते. दुसरा मार्ग स्वरलिपीचा. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी बंदिशी लिहून ठेवताना काही संकेत ठरवले. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार सप्तक. त्या कागदावर आवाज नाही. कोणता आवाज काढावा याची सूचना आहे. ती वाचू शकणारा गळा समोर असेल तरच कागदाचे गाणे होते.

१९८० नंतरच्या दशकात संगणकांनी संगीत साठवण्यासाठी हाच दुसरा मार्ग धरला. त्या स्वरलिपीचे नाव मिडी. विंडोजच्या आधी घरोघरच्या व कचेऱ्यांतल्या संगणकांवर डॉस ही कार्यप्रणाली असे. डॉसवर चालणाऱ्या पुष्कळ खेळांचे संगीत या लिपीत लिहिलेले आहे. धाराशिव असो, कळंब असो वा उमरगा, एखाद्या शाळेच्या अडगळीत पडलेला त्या काळचा संगणक पुसून पुन्हा चालू केला, तर खेळ सुरू होतो, चित्रे हलतात. पण संगीत येत नाही, किंवा भलत्याच वाद्यांत येते. यंत्र बिघडले असेच सर्वांना वाटते. बहुतेक वेळा बिघाड यंत्रात नसून संकेतात असतो. तो संकेत कसा घडला व कुठे तुटला हे पाहण्याजोगे आहे, कारण आपल्या मराठी मजकुराच्या बाबतीतही पुढे नेमके हेच घडले.

एकसुरी स्पीकर

आयबीएम कंपनीचा पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. त्यात आवाजासाठी एक लहानसा स्पीकर होता आणि तो चालवायला एक कालमापक चिप होती. या चिपला सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ स्पंदने मिळत. चिपला एक भाजक द्यायचा. स्पंदनांना त्या संख्येने भागून जी कंप्रता येईल ती स्पीकरला मिळे. भाजक २७१२ दिला की सेकंदाला ४४० कंपने होतात. पेटीवरील मधल्या सप्तकातील ‘पांढरी सहा’ ती हीच. हे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवता येते.

या व्यवस्थेत एका वेळी एकच सूर निघे आणि त्याची तीव्रता कमीजास्त करता येत नसे. आपल्याकडील बहुतेक संगणकांत यापलीकडे आवाजाची सोय नव्हती. डॉसवर १९९० साली आलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ आपल्याकडे अनेकांनी या स्पीकरवरच ऐकला. त्याच खेळात अधिक भरीव संगीत वाजवण्याची सोय होती, हे त्यांतल्या कित्येकांना माहीतही नव्हते.

दोन कंपन्यांची वाद्ये एका तारेवर

संगणकांच्या या घडामोडीशी संबंध नसलेली एक अडचण त्याच सुमारास वादकांपुढे होती. विजेवर चालणारी वाद्ये, म्हणजे सिंथेसायझर, प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने बनवी. एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला जोडता येत नसे. जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी सर्वांसाठी एकच भाषा असावी असा आग्रह धरला. स्मिथ यांनी १९८१ साली आपला प्रस्ताव ध्वनी-अभियंत्यांच्या संघटनेपुढे मांडला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅनाहाइम येथील वाद्यांच्या प्रदर्शनात स्मिथ यांचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ ही वाद्ये एका तारेने जोडण्यात आली. एका वाद्याची पट्टी दाबली आणि दुसरे वाजले. त्याच वर्षी मिडीचे नियम प्रसिद्ध झाले, आणि ते वापरण्यासाठी कोणाकडूनही शुल्क घ्यायचे नाही असे ठरले. या कामासाठी दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

मिडीची भाषा साधी आहे. प्रत्येक स्वराला ० ते १२७ यांमधला एक क्रमांक असतो. मधल्या सप्तकाची ‘पांढरी एक’ म्हणजे ६०, ‘काळी एक’ ६१, ‘पांढरी सहा’ ६९. स्वर सुरू करायला तीन बाइट लागतात. पहिला बाइट सांगतो की स्वर सुरू कर, आणि सोळांपैकी कोणत्या वाहिनीवर. दुसरा स्वराचा क्रमांक देतो. तिसरा पट्टी किती जोराने दाबली ते सांगतो. पहिल्या वाहिनीवर ‘पांढरी एक’ वाजवायची तर १४४, ६०, १०० एवढे आकडे पुरतात. तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि प्रत्येक बाइटला आगेमागे खुणेचा एकेक बिट धरून दहा बिट लागतात. म्हणजे तीन बाइट पोचायला एक मिलिसेकंदापेक्षाही किंचित कमी वेळ लागतो. दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट जोड नसतो. घेणाऱ्या यंत्रात एक छोटा प्रकाश-दिवा चमकतो व समोरचा प्रकाशसंवेदक तो टिपतो. त्यामुळे एका यंत्रातील विजेची घरघर दुसऱ्यात शिरत नाही.

खेळात संगीत शिरले

रोलँडने १९८४ साली एमपीयू-४०१ हा जोडणी-संच काढला. त्यामुळे संगणक मिडी बोलू लागला. १९८७ साली त्याच कंपनीने एमटी-३२ ही चपटी पेटी आणली. तिला पट्ट्या नव्हत्या. तारेतून सूचना आल्या की ती वाजे. तिच्यात १२८ आवाज तयार होते आणि नवे आवाज बाहेरून भरण्याचीही सोय होती. किंमत ६९५ डॉलर होती.

त्याच वर्षी कॅनडातील क्वेबेकच्या अ‍ॅडलिब कंपनीने संगणकाच्या आत बसणारे स्वस्त साउंड कार्ड काढले. त्यावरील यामाहाची चिप एका वेळी नऊ आवाज काढी. एका लहरीच्या कंप्रतेत दुसऱ्या लहरीने वेगाने चढउतार घडवला की नव्या कंप्रता निर्माण होतात आणि आवाजाला वाद्यासारखा पोत येतो. स्टॅनफर्डचे जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली ही रीत शोधली होती. नभोवाणीच्या ‘एफएम’ प्रक्षेपणामागे हेच तत्त्व आहे.

खेळ बनवणाऱ्या सिएरा कंपनीने १९८८ साली ‘किंग्ज क्वेस्ट’ मालिकेतील चौथ्या खेळासाठी विल्यम गोल्डस्टाइन या चित्रपट-संगीतकाराकडून संगीत लिहून घेतले. साउंड कार्डासाठी रचलेल्या पहिल्या खेळांत त्याची गणना होते. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर हे कार्ड आणले. त्यात अ‍ॅडलिबचीच चिप होती, शिवाय ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची सोय होती. पुढे बहुतेक खेळांनी हेच कार्ड प्रमाण मानले.

संगीताचे सरळ ध्वनिमुद्रणच का साठवले नाही, असे विद्यार्थी विचारतील. उत्तर गणितात आहे. सीडीच्या दर्जाच्या एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. त्या काळच्या फ्लॉपीवर १४,७४,५६० बाइट मावत, म्हणजे जेमतेम आठ सेकंद. मिडीत एका स्वराला सुरू करण्याचे तीन, थांबवण्याचे तीन आणि वेळ नोंदवण्याचे साधारण दोन असे आठ बाइट धरले, तर हजार स्वरांची रचना आठ हजार बाइटांत बसते. गरिबीतून आलेली ही काटकसर होती, आणि तिने रचनाकारांना स्वरलिपीकडे वळवले.

१९९१ : दोन करार

मिडीने स्वरांचे क्रमांक ठरवले होते. वाद्यांचे ठरवले नव्हते. सूचनेत ‘४१ क्रमांकाचे वाद्य घे’ असे असेल, तर ४१ म्हणजे काय हे प्रत्येक पेटीचे स्वतंत्र होते. १९९१ साली ‘जनरल मिडी’ नावाचा करार झाला आणि १२८ वाद्यांची एकच यादी ठरली. दहावी वाहिनी तालवाद्यांसाठी राखली गेली. या यादीत १०५ वर सतार आहे आणि ११२ वर चक्क सनई आहे. मात्र तबला, ढोलकी आणि संबळ यांना जागा नाही. ज्याला क्रमांक मिळाला नाही ते वाद्य या लिपीत लिहिताच येईना.

त्याच वर्षी आपल्याकडेही एक करार झाला. भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणारे आयएस १३१९४ हे मानक प्रसिद्ध केले. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड डॉसच्या संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. साउंड कार्ड आकड्यांचे सूर करी, जिस्ट कार्ड आकड्यांची अक्षरे करी. दोन्ही ठिकाणी साठवण आकड्यांची होती आणि अर्थ संकेतात होता.

जुना संगणक मुका का राहतो?

आता अडगळीतल्या संगणकाकडे वळू. अडचणी चार प्रकारच्या असतात.

पहिली पत्त्याची. मिडीचे कार्ड बहुधा ३३० या पत्त्यावर असते (ही संख्या सोळाच्या पायाची आहे, दशमान पद्धतीत ८१६). खेळ त्या पत्त्यावर आकडे टाकतो. कार्ड दुसऱ्या पत्त्यावर असेल, तर पत्र रिकाम्या घरात पडते. साउंड ब्लास्टरचे पत्ते डॉसच्या ऑटोएक्झेक या आरंभ-फाइलमधील ‘सेट ब्लास्टर’ या ओळीत लिहावे लागतात. जुन्या कार्डांचा व्यत्यय-क्रमांक अनेकदा ७ असे आणि तोच प्रिंटरचाही असे. अशी टक्कर आधी तपासावी.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. मूळ एमपीयू-४०१ स्वतः वेळ सांभाळी. संगणकाने आगाऊ सूचना द्याव्यात, त्या ठरल्या क्षणी तो वाजवी. नंतरच्या स्वस्त कार्डांनी ही हुशारी गाळली आणि आलेला बाइट तसाच पुढे ढकलण्याचे काम ठेवले. कार्ड ‘सुसंगत’ असल्याचे खोक्यावर छापलेले असते, पण जुना खेळ त्याच्याकडे नसलेली हुशारी मागतो आणि मुकाट बसतो. सॉफ्टएमपीयू नावाचा विनामूल्य कार्यक्रम हे गाळलेले काम संगणकाकडून करून घेतो.

तिसरी अडचण यादीची. एमटी-३२ साठी लिहिलेले संगीत जनरल मिडीच्या वाद्याला दिले की बासरीच्या जागी भलतेच काही वाजते. शिवाय अनेक खेळ सुरुवातीला एमटी-३२ मध्ये स्वतःचे आवाज भरत. तसे आवाज दुसऱ्या वाद्यात नसतातच. खेळ १९९१ च्या आधीचा की नंतरचा, एवढे पाहिले तरी निम्मे कोडे सुटते.

चौथी अडचण वेगाची. एमटी-३२ च्या पहिल्या आवृत्तीला हे आवाज भरण्याचा वेग झेपत नसे. खेळ घाईने सूचना पाठवी आणि पेटी चूक दाखवून थांबे. म्हणून डॉसचे संगणक हुबेहूब भासवणाऱ्या डॉसबॉक्स या कार्यक्रमात (पहिली आवृत्ती २००२) मुद्दाम उशीर करण्याची सोय ठेवलेली आहे. मंट नावाचा दुसरा कार्यक्रम तर एमटी-३२ चीच नक्कल करतो. खरे यंत्र हाताशी नसेल, तर वर्गात हा मार्ग सोपा.

क्रमांकात न मावणारे

मिडीचे क्रमांक पेटीच्या पट्ट्यांसारखे बारा समान अंतरांचे आहेत. ‘पांढरी एक’ षड्ज धरला, तर तिची कंप्रता २६१.६३ आणि ‘पांढरी तीन’ची ३२९.६३. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गांधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३२७.०३ असतो. दोन्ही एकत्र वाजवले की सेकंदाला सुमारे अडीच वेळा आवाज चढतो-उतरतो, आणि हा फरक कानाला कळतो. याच कारणावरून आपल्याकडे पेटीविषयी वाद झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, आणि १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. मिडीत स्वर वाकवण्याची वेगळी सूचना आहे व तिच्या १६,३८४ पायऱ्या आहेत. तिने मींडही घेता येते. पण ती एका वाहिनीवरील सगळेच स्वर एकदम वाकवते.

आपल्या कामाचे काय?

डॉसच्या खेळांचे संगीत आज पुन्हा ऐकू येते, याचे श्रेय मिडीच्या छापील व सर्वांना खुल्या नियमांना आहे. नियम हाती होते, म्हणून हरवलेल्या यंत्रांची कामे दुसऱ्यांना लिहिता आली. याउलट १९९० नंतर आपल्याकडे फॉन्टागणिक वेगळे संकेत वापरून टाइप केलेला मराठी मजकूर पाहा. शाळांचे अहवाल, प्रश्नपत्रिका, स्मरणिका आज उघडल्या की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. आकडे शाबूत आहेत. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, तो तक्ता हरवला आहे. ज्या शाळेकडे अशा फाइली असतील तिने त्या काढून टाकण्यापूर्वी मूळ फॉन्टचे नाव शोधावे, तो फॉन्टही जपावा आणि मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. गावातील संबळवादकाला शाळेत बोलवावे. त्यांच्या ठोक्यांचे प्रकार ऐकून विद्यार्थ्यांनी प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि एक मिनिटाचे वादन आकड्यांत लिहावे. तो कागद दुसऱ्या तुकडीला तक्त्याशिवाय द्यावा. मग तक्त्यासह द्यावा. दोन्ही वेळा काय वाजले ते ऐकून, वादकांना काय सुटले ते विचारावे. शेवटी ध्वनिमुद्रण, आकड्यांचा कागद आणि तक्ता ही तिन्ही एकाच पाकिटात घालून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावीत.