दोराचे टोक

मुलुंड पूर्वेला मिठागर रोड आहे. या नावाचा अर्थ मुलुंडकरांना सांगावा लागत नाही. पण फोर्टात, काळा घोड्याजवळ, रोप वॉक लेन आहे. तिथून रोज जाणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी विचारतो, हे नाव कशावरून पडले?

रोप वॉक म्हणजे दोर वळण्याची लांबच लांब जागा. कारागीर कमरेला तंतूंचा झुपका गुंडाळून मागे मागे चालत जाई आणि सूत वळत जाई. जेवढी वाट लांब, तेवढा दोर लांब. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने इथल्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांतले १८१७ चे 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवले आहे. शिडाच्या अशा एका जहाजाला मैलोगणती दोर लागे.

दोर टिकतो तो उलटसुलट पिळांवर. तंतू एका दिशेने वळले की सूत होते. सुते उलट दिशेने वळली की पदर होतो आणि पदर पुन्हा पहिल्या दिशेने वळले की दोर. प्रत्येक पीळ सुटू पाहतो, आणि सुटता सुटता दुसऱ्याला आवळतो. दोर कापला की टोकाशी हा तोल जातो आणि पदर उकलू लागतात.

म्हणून खलाशी टोक बांधून टाकत. मेण लावलेल्या दोऱ्याचा फासा टोकालगत ठेवायचा, त्यावरून घट्ट वेढे घ्यायचे, दोऱ्याचे शेवट फाशात ओवायचे आणि फासा वेढ्यांखाली ओढून घ्यायचा. वेढ्यांची रुंदी दोराच्या जाडीहून किंचित जास्त. गाठ दिसतसुद्धा नाही. वादळात कप्पीत अडकलेले उसवलेले टोक माणसाच्या जिवावर बेतू शकते. हे काम करणाऱ्यांत कोकणातले मुसलमान खलाशीही होते. 'सारंग' आणि 'तांडेल' हे शब्द कोकणच्या किनाऱ्यावर आजही आडनावे म्हणून नांदतात.

गावाकडे कासरा, दावे, नाडा, चऱ्हाट वळण्याचे काम मातंग समाजाकडे होते. मोबदला बलुत्याच्या धान्यात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'मध्ये बलुत्याची ही सारी व्यवस्था सापडते. मोट, बैल, गाडी, सगळे त्यांच्या दोरावर चाले. मान मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही.

१९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केले. आता टोकाला काडी लावली की ते वितळून चिकटते. अंबाडीला किंवा काथ्याला ही युक्ती चालत नाही. ते नुसतेच जळतात. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असे आपण हट्टी माणसाला म्हणतो. दोर वळणाऱ्यांकडून आलेला हा शब्द भाषेत राहिला, ते हात मात्र विसरले गेले.

रस्त्यांची नावे बदलण्याची हौस आपल्या शहराला जुनी आहे. रोप वॉक लेनची पाटी तेवढी राहू द्यावी. जहाज बांधणाऱ्यांची नावे इतिहासात आहेत. दोर वळणाऱ्यांचा निदान धंदा तरी पाटीवर असू दे.